लेकीची क्वाड चढावर ओढत नाही: आधी काय तपासायचं, काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर कळेल. जुन्नर तालुक्यात तुमचं शेत आहे, द्राक्षबागेच्या मागे मुरमाचा चढ आहे. अकरा वर्षांच्या लेकीसाठी चिनी बनावटीची 110 सीसीची जुनी क्वाड, म्हणजे चार चाकांची मोटरसायकलसारखी गाडी, घेतली. पुढे, न्यूट्रल आणि मागे असा एकच दांडा आहे, गिअर टाकायचे नाहीत. आधीच्या मालकानं मागचे मूळ 145/70-6 चे टायर काढून रिमसकट 16 गुणिले 8-7 चे जाडजूड टायर घातलेत. सपाटीला गाडी बरी पळते. चढावर रेस वाढते, आवाज वाढतो, पण गाडी पुढे सरकत नाही आणि थोड्या वेळानं जळका वास येतो. जवळच्या एका गॅरेजवाल्यानं मोठा कार्बोरेटर, फ्री-फ्लो सायलेन्सर, लिमिटर नसलेला सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा डबा, लिमिटर म्हणजे त्यातली इंजिनाच्या फेऱ्यांवरची मर्यादा) आणि जमलं तर 125 सीसीचं किट असा बेत सांगितलाय. यातलं आधी काय करू, असं तुम्ही विचारलंय.

यातलं काहीच आधी करू नका. इंजिनात ताकद कमी आहे असं तुमच्या वर्णनावरून मला वाटत नाही. ताकद जमिनीपर्यंत पोचत नाहीये आणि त्याचं मुख्य कारण तुम्हीच लिहिलंय: मागचे टायर.

हिशेब करून बघा. 145/70-6 टायरची उंची साधारण 355 मिलिमीटर येते. 16 इंची टायर म्हणजे 406 मिलिमीटर. म्हणजे चाक 14 टक्क्यांनी मोठं झालं. चाक मोठं झालं की इंजिनाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, सपाटीला वेग वाढल्यासारखा वाटतो आणि ओढ तितकीच घटते. एरवी हे चालून गेलं असतं, पण तुमच्या गाडीला पुढे जायला एकच गिअर आहे. स्प्लेंडर कायम दुसऱ्या गिअरवर टाकून घाट चढण्यासारखं आहे ते. खालचा गिअर टाकायची सोयच नाही, त्यामुळे तो सगळा भार क्लचवर येतो.

आणि हा क्लच सेंट्रिफ्युगल आहे. रेस वाढली की आतले शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला चिकटतात. चढावर आवाज वाढला तरी शू पूर्ण चिकटण्याइतके फेरे इंजिनाला गाठताच येत नाहीत, शू अर्धवट चिकटतात आणि घसरत राहतात. तुम्हाला येणारा जळका वास तोच. इंजिनातलं तेल काढून बघा, काळं आणि जळकट निघालं तर क्लच बराच झिजलाय असं धरा. अशा गाडीवर इंजिनाची ताकद वाढवली तर ती वाढीव ताकदसुद्धा क्लचमध्येच जळणार. मग क्लच नवा टाकाल, तोही जाईल.

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगराजवळ गेली 26 वर्षं दुचाकींचं काम करतो आणि त्यातली 15 एक वर्षं मुलांच्या क्वाड आणि छोट्या डर्ट बाइक येतात. परफॉर्मन्स वाढवून द्या म्हणून आलेल्या दहा गाड्यांतल्या निदान सात गाड्या आजारी असतात. त्यांना आधी निरोगी करायचं असतं. कंपनीनं दिलेली ताकद पूर्ण मिळायला लागली की बहुतेक आईबाप तिथंच थांबतात, कारण अकरा वर्षांच्या पोराला तेवढी पुरून उरते.

या इंजिनाबद्दल एक दिलासा देतो. 110 चं हे आडवं इंजिन होंडाच्या कबच्या आराखड्यावर बेतलेलं आहे आणि आपली स्प्लेंडर त्याच घराण्यातली. स्प्लेंडरच्या 97.2 सीसी इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 50 मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 49.5 मिलिमीटर. तुमच्या 110 चा बोअर 52.4 आणि स्ट्रोक तोच 49.5. गणित केलंत तर 107 सीसीच्या आसपास येतं, 110 हे बोलायचं नाव. सुटे भाग सगळेच एकमेकांना बसत नाहीत, तसं कुणी सांगितलं तर ताडून बघा. पण स्प्लेंडर उघडणारा तालुक्याचा कुठलाही हुशार मिस्त्री हे इंजिन समजू शकतो. त्याला फक्त माप सांगावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी तेच कुणी सांगत नाही.

तर सुरुवात अशी करा. गाडी न्यूट्रलला टाका आणि सपाट जागी एका हातानं ढकला. सहज गेली पाहिजे. मग मागची बाजू विटांवर किंवा स्टँडवर उचलून चाक हातानं फिरवा. मागचा अॅक्सल एकसंध आहे, दोन्ही चाकं एकत्रच फिरतील. दोन-तीन फेरे मोकळे मिळाले पाहिजेत. चाक अर्ध्या फेऱ्यात थांबलं तर मागचा डिस्क ब्रेक धरतोय, चेन जास्त ताणलीय किंवा अॅक्सलचं बेअरिंग गेलंय. धुळीत उभ्या राहिलेल्या गाड्यांत कॅलिपरचा पिस्टन अडकणं इतकं नेहमीचं आहे की मी इंजिनाकडे बघायच्या आधी हेच बघतो. इंजिन सहा-सात अश्वशक्तीचं, त्यातला एक हिस्सा घासणाऱ्या ब्रेकनं खाल्ला तर चढाला उरणार काय?

त्यानंतर टायरची हवा. या टायरांना दोन ते पाच पीएसआयच्या दरम्यान हवा लागते, नेमका आकडा टायरच्या बाजूला छापलेला असतो. आपल्याकडे काय होतं, गाडी पंक्चरवाल्याकडे जाते आणि तो सवयीनं स्कूटरसारखी पंचवीस-तीस भरतो. मग क्वाड चेंडूसारखी उड्या मारते, मुरमावर पकड राहत नाही आणि चढावर चाक जागच्या जागी फिरतं. पंपावरचं गेज इतक्या खालच्या दाबाला भरवशाचं नसतं. कमी दाबाचं वेगळं गेज मिळतं, ते घ्या आणि हवा सायकलच्या पंपानं भरा. तुमच्या सगळ्या यादीत एवढ्या कमी पैशात एवढा फरक पाडणारी दुसरी वस्तू नाही. डाव्या-उजव्या चाकात अर्ध्या पीएसआयचा फरक असला तरी गाडी एका बाजूला ओढते, तेव्हा दोन्हीकडे सारखी भरा.

आता इंजिन. एअर फिल्टर काढा. स्पंजचा असेल तर रॉकेलमध्ये धुवा, पिळायचा नाही, दाबून सुकवा आणि मग त्याला हलकं तेल लावा. द्राक्षबागेत पावडर आणि माती दोन्ही उडतात, त्यामुळे दर पाच-सहा तासांच्या चालवण्यानंतर हे करावंच लागेल. फिल्टरचा डब्बा काढून नुसता शंकूसारखा उघडा फिल्टर लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. रेसच्या ट्रॅकवर तो ठीक असेल, शेतातल्या धुळीत एका हंगामात रिंगा आणि सिलिंडर खलास होतात.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, थंड इंजिनावर 0.05 मिलिमीटर, दोन्ही व्हॉल्व्हना. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना सेट करा. फ्लायव्हीलवरची टी खूण जुळवा आणि दोन्ही रॉकर मोकळे हलतायत ना ते बघा. हलत नसतील तर इंजिन एक फेरा पुढे फिरवा. या इंजिनांत व्हॉल्व्ह सीटवर बसत जातात तशी गॅप आपोआप कमी होते. आवाज काहीच येत नाही, उलट इंजिन छान शांत झाल्यासारखं वाटतं, आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, हळूहळू गळायला लागतं. गरम झाल्यावर गाडी लवकर चालू होत नसेल तर पहिला संशय इथंच घ्या. खूप मिस्त्री कानानं टॅपेट लावतात. मोठ्या गाडीवर अनुभवी हाताला ते जमतही असेल, पण इथं 0.05 आणि 0.10 मधला फरक कानाला कळत नाही, फिलर गेज लावाच.

प्लग बघा. टोकाचा रंग फिकट तपकिरी हवा. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी. ए7टीसी या चिनी प्लगच्या जागी एनजीकेचा सी7एचएसए चालतो, गॅप 0.6 ते 0.7. चाळीस पानांचं ट्यूनिंग वाचण्यापेक्षा हा चांगल्या कंपनीचा प्लग आधी टाकून बघा.

कार्बोरेटरवर जरा थांबतो, कारण तुम्ही मोठा घ्यायचा म्हणताय. शनिवार-रविवारी चालणारी गाडी मधे पाच दिवस उभी असते, परीक्षेच्या काळात महिना-दोन महिने. हल्ली पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल. उभ्या गाडीत ते वाफेनं उडतं आणि मागे चिकट थर राहतो. कमी रेसला पेट्रोल सोडणाऱ्या पायलट जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, ते अर्धं बुजलं तरी गाडी सुरुवातीला दम खाते आणि मग एकदम सुटते. मुलासाठी हे एकदम सुटणं वाईट. दुसरं म्हणजे इथेनॉलला साध्या पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या हिशेबानं बसवलेल्या जेटमधून मिश्रण आपोआप पातळ होतं. गाडी गरम होते आणि ओढ घटते. उपाय मोठा कार्बोरेटर नाही. आहे तोच पूर्ण खोला, जेट तारेनं न टोचता क्लीनर आणि हवेनं मोकळे करा, रबरी नळी कडक झाली असेल तर बदला. मग सुईची क्लिप एक खाच खाली सरकवा, म्हणजे सुई वर उचलली जाते आणि मधल्या रेसला पेट्रोल थोडं वाढतं. प्लगचा रंग बघून ठरवा. प्लग पांढराच राहिला तर पूर्ण रेसला पेट्रोल देणारा मेन जेट एक नंबर मोठा. आणि आठवड्याच्या शेवटी पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायची सवय लावा, कार्बोरेटरची वाटी रिकामी होते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी या एका सवयीनं मिटल्यात.

तेल स्प्लेंडरला घालतो तेच घाला, 10डब्ल्यू30 फोर-स्ट्रोक, डब्यावर जासो एमए लिहिलेलं. कारचं तेल चुकूनही नको, क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि कारच्या तेलातल्या घसरपट्टी घटकांनी तो घसरतो. कागदी ऑइल फिल्टर या इंजिनाला नसतो, म्हणून मी दर वीसेक तासांनी तेल बदलतो. एवढं करूनही ओढ नसेल तर गेज लावून कॉम्प्रेशन बघा. रेस पूर्ण उघडी ठेवून 120 पीएसआयच्या खाली आलं तर माझा हात रिंगांकडे जातो.

आता चढाचा खरा उपाय. माझं मत स्पष्ट आहे: मूळ मापाचे टायर आणि रिम परत आणा. मोठ्या टायरनं नुसती ओढच गेलेली नाही. मागची बाजू 25 मिलिमीटर उचलली गेली आणि पुढची बाजू तशीच राहिली. त्यामुळे गाडी नाकावर झुकली, पुढच्या चाकांचा मागे झुकलेला कोन कमी झाला आणि हँडल चंचल झालं. तुमची लेक म्हणत असेल की वेगात हँडल हातात नाचतं. शिवाय वजन वर गेलं, म्हणजे उलटायची शक्यता वाढली. दिसायला रुबाबदार टायरांनी तिन्ही बाजूंनी नुकसान केलंय.

टायर परत लावल्यावरही चढ जास्त वाटला तर स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, बदला. तुमच्या गाडीवरचे दात मोजा. हिशेबासाठी मी पुढे 14 आणि मागे 37 धरतो, गुणोत्तर 2.64. पुढे 13 केलं तर 2.85, ओढ आठ टक्क्यांच्या आसपास वाढते आणि वरचा वेग साधारण तेवढाच उतरतो. हे स्वस्तातलं काम आहे, अर्ध्या तासाचं. 12 च्या खाली पुढचं स्प्रॉकेट नेऊ नका, चेनला वळसा फार लहान पडतो आणि चेन लवकर ताणते. मोठेच टायर ठेवायचे असतील तर मग मागचं स्प्रॉकेट 14 टक्क्यांनी वाढवावं लागेल, म्हणजे 37 चं 42. तेव्हा कुठं गाडी मूळ ओढीवर येईल. 42 चं तयार मिळणं अवघड. आमच्याकडे उद्यमनगरात लेथवाले असं स्प्रॉकेट एका दिवसात काढून देतात, तुम्हाला चाकण किंवा भोसरीकडे कुणी मिळेल.

चेनचा नंबर मात्र बघा. या गाड्यांवर 420 किंवा 428 असते. दोन्हींची कडीची लांबी सारखीच, 12.7 मिलिमीटर, रुंदी वेगळी. स्प्लेंडरची 428 चेन 420 च्या स्प्रॉकेटवर बसते, म्हणून मिस्त्री ती टाकून मोकळा होतो. ती बाजूला डुलत राहते, दात कडेनं खाते आणि उतारावर निसटते. एकसंध अॅक्सलवर चेन निसटून अडकली तर मागची दोन्ही चाकं एकदम जाम होतात. उतारावर अकरा वर्षांचं मूल वर बसलेलं असताना हे काय करेल, ते तुम्हीच डोळ्यांपुढे आणा.

एकसंध अॅक्सलचं एक समजून घ्या, कारण क्वाडच्या वागण्याची निम्मी गोष्ट त्यात आहे. कारमध्ये डिफरन्शियल असतो, वळताना आतलं चाक हळू आणि बाहेरचं जलद फिरतं. इथं दोन्ही सारखंच फिरतात. वळायचं तर आतलं चाक जमिनीवर घसरलं पाहिजे आणि त्यासाठी चालवणाऱ्यानं अंग हलवून त्यावरचं वजन काढलं पाहिजे. साठ किलोचा माणूस हे सहज करतो. तुमची लेक पस्तीस किलोच्या आसपास असेल, गाडी तिच्या दुप्पट-तिप्पट वजनाची. तिच्या अंगाच्या हलण्यानं गाडीवर फार फरक पडत नाही, म्हणून गाडी सरळच जाऊ बघते. मूल घाबरून हँडल आणखी वळवतं, मग पुढची चाकं अचानक पकड घेतात आणि गाडी कलंडते. लहान मुलांच्या क्वाड उलटण्यामागे मी हे फार वेळा पाहिलंय. वेग अगदी थोडा असतानाही.

म्हणून माझ्या हिशेबात मुलाच्या क्वाडचा परफॉर्मन्स म्हणजे वळणाला शहाणी, ब्रेकला पक्की आणि रेसला सरळ गाडी. पैसे तिथं घाला. पुढचे ड्रम ब्रेक केबलचे असतात. केबल ताणलेल्या असतात आणि डाव्या-उजव्या सारख्या नसतात. नवे लायनर, नव्या केबल टाका आणि दोन्हीकडे ब्रेक एकाच वेळी लागेल असं सेट करा. लिव्हर तिच्या बोटांना पुरतो का ते तिला बसवून बघा, बहुतेक वेळा तो हँडलजवळ आणावा लागतो. मागच्या डिस्कचं ब्रेक ऑइल पिवळंकाळं झालं असेल तर बदला. पुढच्या दोन चाकांचं अलाइनमेंट दोरीनं करता येतं: चाकांच्या पुढच्या कडांमधलं अंतर मागच्या कडांमधल्या अंतरापेक्षा तीन ते पाच मिलिमीटरनं कमी ठेवा. टाय रॉडचे बॉल जॉइंट हातानं हलवून बघा, खडखड आली की बदला. मागच्या हबचा मोठा नट आणि त्यातली कॉटर पिन प्रत्येक वेळी बघा. आणि खालच्या आर्मच्या वेल्डिंगला चीर गेलीय का, ते माती धुऊन उजेडात बघा. ही सगळी कामं केल्यावर लेक पहिल्यांदा बसेल तेव्हा गाडी नवी घेतल्यासारखी वाटेल आणि वेग एक किलोमीटरनंही वाढलेला नसेल.

आता गॅरेजवाल्याच्या यादीकडे येतो. 125 चं किट किंवा अख्खं 125 चं इंजिन याच माउंटिंगवर बसतं. बसतं म्हणूनच मोह होतो. पण फ्रेम, आर्म, बॉल जॉइंट आणि ब्रेक 110 च्या हिशेबाचे, ते सुद्धा काटकसरीनं केलेले. मी ते काम घेत नाही. लिमिटर नसलेला सीडीआय याला चढावर काहीही उपयोग नाही, तो वरच्या फेऱ्यांना कामी येतो आणि तिथं जायचंच नाहीये. फ्री-फ्लो सायलेन्सरनं आवाज वाढतो, मिश्रण आणखी पातळ होतं, आणि ठिणगी अडवणारी जाळी असली तर तीही जाते. आमच्या ऊसपट्ट्यात पाचट वाळलेलं असताना अशी गाडी शेतात नेणं म्हणजे आगीला आमंत्रण. तुमच्याकडेही उन्हाळ्यात बांधावरचं गवत कोरडंच असतं.

मोठ्या कार्बोरेटरबद्दल माझ्याच हातून झालेलं सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका बागायतदाराच्या मुलाच्या क्वाडला मी मोठा कार्बोरेटर बसवला. त्याची केबल बाहेर यायची जागा वेगळी होती, मी जुनीच केबल वळवून लावली. सरळ उभ्या गाडीवर रेस छान सुटत होती, म्हणून मी गाडी दिली. हँडल पूर्ण डावीकडे वळलं की केबल ताणली जात होती आणि रेस आपोआप वाढत होती, हे मी तपासलंच नाही. तो बांधाजवळ वळायला गेला, गाडीनं उडी घेतली आणि बांधावर चढून उलटली. त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. इंजिन बंद करायची दोरी हँडलला गुंडाळलेली होती, मनगटाला नव्हती. मुलगा बरा झाला, आज मोठा आहे. चूक माझी होती आणि त्या दिवसापासून माझ्याकडून एकही गाडी ही तपासणी केल्याशिवाय बाहेर गेलेली नाही: इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, आवाजात कणभरही फरक पडता कामा नये. मग रेस उघडून अंगठा सोडायचा, खट् करून परत आली पाहिजे. तुम्हीही प्रत्येक वेळी करा. मिनिटसुद्धा लागत नाही.

वेगाची मर्यादा ठरवायला एक आधार देतो. अमेरिकेत पूर्वी मुलांच्या क्वाडचे वयोगट सीसीवर ठरायचे, सोळा वर्षांखालच्यांना 90 सीसीपर्यंतच. नंतर त्यांनी वेग हा निकष धरला: सहा वर्षांपुढच्यांच्या गाडीचा कमाल वेग ताशी 24 किलोमीटर, दहा वर्षांपुढच्यांच्या गाडीचा 48, आणि तोही सुरुवातीला लिमिटर लावून 24 वर आणलेला. तिथली बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सोळा वर्षांखालच्या मुलांनी क्वाड चालवूच नये म्हणते. मी मुलांना समोर उभं राहून शिकवतो, म्हणून तितका कडक नाही, पण त्यांचं म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नाही. मोठ्या क्वाडला बसून मुलं किती जखमी होतात ते त्यांच्या दवाखान्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय.

तुमच्या गाडीत अंगठ्याच्या रेसच्या डबीवर एक छोटा स्क्रू आणि त्याला चेकनट असेल. तो आत घेतला की रेस कमी उघडते. हाच तुमचा लिमिटर. वेग मोजायला स्पीडोमीटर लागत नाही. सपाट जागी 50 मीटर मोजून दोन काठ्या रोवा, आधीपासून वेग घेऊन पहिल्या काठीपासून दुसरीपर्यंत किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. 11 सेकंद म्हणजे ताशी 16 किलोमीटर, साडेसात म्हणजे 24, सहा म्हणजे 30. तुमच्या लेकीसाठी मी साडेसातला सुरुवात करेन. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं, आणि द्राक्षाच्या दोन ओळींमधे तारा-खांब असताना तेवढी जागा कुठंच नसते.

स्क्रू कधी सोडायचा? तिनं दोन टायर ठेवून त्यांच्याभोवती आठाचा आकडा दोन्ही दिशांनी, पाय खाली न टेकता, अंग आत झुकवून काढला पाहिजे. तुम्ही हात वर केला की ठरलेल्या रेषेच्या आत सरळ थांबता आलं पाहिजे. चढावर गाडी अडली तर ब्रेक धरून, उतरून, तुम्हाला हाक मारता आली पाहिजे. हे तीन आठवडे सलग जमलं तर स्क्रू एक फेरा बाहेर. मग पुन्हा काठ्या, पुन्हा सेकंद. सहा सेकंदांवर मी या मोसमात थांबेन. त्या चढावर पहिले काही दिवस तुम्ही शेजारून चालत जा, आडवं मात्र कधीच चढवू देऊ नका. सरळ वर आणि सरळ खाली.

मागे कुणाला बसवायचं नाही, धाकट्या भावाला तर नाहीच. मागे दुसरं माणूस बसलं की तिला अंग हलवायला जागा उरत नाही. हेल्मेट तिच्या डोक्याच्या मापाचं, मोठ्यांचं ढिलं नको. बंद बूट, हातमोजे, लांब बाह्या. इंजिन बंद करायची दोरी मनगटाला, आणि चालवायला सुरुवात करायच्या आधी ती ओढून इंजिन खरंच बंद पडतं का बघायचं. जुन्या गाड्यांत ती वायर कुणीतरी तोडून ठेवलेली असते.

आणि घरापासून शेतापर्यंतचा गावचा रस्ता. तो सार्वजनिक आहे, तिथं तिनं क्वाड एक फर्लांगही चालवायची नाही. मोटर वाहन कायद्यात 2019 साली आलेल्या कलम 199 ए प्रमाणे अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्याला पालक जबाबदार धरला जातो, 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. कायदा बाजूला ठेवला तरी ही गाडी इतकी बुटकी असते की ट्रॅक्टरवाल्याला ती ट्रॉलीआड दिसतच नाही. पिकअपमध्ये घालून न्या.

कामाचा क्रम विचाराल तर या रविवारी ब्रेक मोकळे, हवा, फिल्टर, टॅपेट, प्लग, तेल. तेलाचा रंग मला कळवा, त्यावरून क्लचचे शू आत्ताच बदलायचे की नाही ते सांगतो. पुढच्या आठवड्यात मूळ टायर आणि रिम शोधा. स्प्रॉकेट सगळ्यात शेवटी, टायर लावून चढावर एकदा तुम्ही स्वतः गाडी नेऊन बघितल्यावर. लेथवाल्याकडे जाल तेव्हा जुनं स्प्रॉकेट आणि चेनचा तुकडा दोन्ही सोबत न्या, नुसत्या दातांच्या आकड्यावर काम देऊ नका. मधल्या भोकाचं आणि बोल्टच्या वर्तुळाचं माप प्रत्येक क्वाडला वेगळं असतं.